सोळा बाइटचा कॉम्प्युटर: ब्रेडबोर्डवर पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

कॉलेजच्या लॅबमध्ये ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचं किट असतं. हेक्स आकडे टाकायचे, बटण दाबायचं, उत्तर आलं की जर्नलवर सही घ्यायची. मधल्या मधे काय घडलं हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी सरांना दाखवता येत नाही, कारण सगळा कारभार एका ४० पायांच्या आयसीत बंद असतो. तो कारभार उघड्यावर मांडून, एकेक पाऊल थांबवून बघायचा असेल, तर तोच कॉम्प्युटर छोट्या आयसी जोडून स्वतः बांधणं हा सगळ्यात सरळ रस्ता आहे. वेळखाऊ आहे. शनिवार-रविवार धरून बसलात तरी दोन-तीन महिने जातील.

आपण बांधणार आहोत ती रचना 'सॅप-१' या घराण्यातली. अल्बर्ट माल्विनो यांनी शिकवण्यासाठी मांडलेला हा आराखडा; नाव 'सिंपल ॲज पॉसिबल' यावरून. मूळ सॅप-१ ला पाचच आज्ञा होत्या. आपण त्यात उड्या मारणाऱ्या आज्ञांची भर घालू. डेटा ८ बिट, पत्ता ४ बिट, म्हणून मेमरी फक्त १६ बाइट. मायक्रोप्रोसेसर कुठेच नाही. हे खेळणं वाटत असेल तर एवढंच सांगतो की १९७० साली आलेला पीडीपी-११/२० हा मिनीकॉम्प्युटरही टीटीएल जातीच्या अशाच छोट्या लॉजिक आयसींनी बनलेला होता, मायक्रोप्रोसेसरविना.

पूर्वतयारी म्हणून बायनरी बेरीज, अँड-ऑर-नॉट गेट आणि फ्लिप-फ्लॉप म्हणजे काय एवढं माहीत असलं की पुरे. सोल्डरिंग लागत नाही.

खरेदी

पुण्यात सुटे भाग म्हटलं की बुधवार पेठ, तापकीर गल्ली. दुचाकी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा. यादी कागदावर लिहून न्या, मोबाइलवर नको. काउंटरवरचा माणूस कागद हातात घेऊन थेट आत ड्रॉवर उघडायला जातो.

यादी साधारण अशी: ५५५ टायमर तीन; ७४एलएस१७३ आठ; ७४एलएस२४५ सात; ७४एलएस२८३ दोन; ७४एलएस८६ दोन; ७४एलएस१६१ दोन; ७४एलएस१५७, १३८ आणि २७३ एकेक; ७४एलएस००, ०४, ०८, ३२ दोन-दोन; ६११६ रॅम एक; २८सी१६ ईईप्रॉम (वीज गेली तरी आकडे जपणारी मेमरी) दोन. सगळं डिप पॅकेजमध्ये (ब्रेडबोर्डच्या भोकांत बसणारे लांब पाय), हे आवर्जून सांगा, नाहीतर सोल्डर करायचे चपटे एसएमडी हातात पडतील आणि घरी आल्यावर कळेल. सोबत ८३० भोकांचे बारा-चौदा ब्रेडबोर्ड, लाल-पिवळे-हिरवे एलईडी, १ के आणि १० के चे रेझिस्टर शेकड्याने, १०४ चे (०.१ मायक्रोफॅरडचे) कपॅसिटर मूठभर, डिप स्विच, पुश बटणं, आणि सिंगल स्ट्रँडची हुकअप वायर चार-पाच रंगांत. तयार जंपर वायरी घेऊ नका. लांब असतात, लोंबकळतात, आणि पुढे बिघाड शोधताना त्यांच्या जंगलात बोट घालायला जागा राहत नाही.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिलं: "टू एटी थ्री नाहीये दादा, एटी थ्री घेऊन जा, कामाला सेमच." काम सेम आहे हे खरं, दोन्ही चार बिटांची बेरीज करणारे. पण पाय वेगळे. २८३ ला ५ व्होल्ट १६ नंबरवर आणि ग्राउंड ८ वर. ७४८३ ला ५ व्होल्ट ५ नंबरवर आणि ग्राउंड १२ वर. २८३ ची आकृती बघून ७४८३ जोडलात तर बेरीज होणार नाही आणि आयसी जाईल ते वेगळंच. दुसरं: "एलएस नाही, एचसी देऊ?" एलएस, एचसी, एचसीटी या एकाच कामाच्या आयसींच्या वेगवेगळ्या जाती. एलएसचं आउटपुट हाय असताना किमान २.७ व्होल्टची हमी असते, आणि एचसीच्या इनपुटला हाय म्हणायला ५ व्होल्टच्या सप्लायवर सुमारे ३.५ लागतात. बऱ्याचदा चालतंसुद्धा, पण 'बऱ्याचदा चालतं' हा कॉम्प्युटरमधला सर्वांत वाईट प्रकार. एचसीटी मिळाला तर बिनधास्त घ्या, तो एलएसशी जुळतो.

जुन्या आराखड्यांत रॅम म्हणून ७४एलएस१८९ दिसेल. तो आता दुर्मीळ झालाय आणि मिळाला तर महाग. मी ६११६ च सुचवतो: २०४८ बाइटची आहे, आपण तिचे पत्त्याचे खालचे चारच पाय वापरायचे आणि उरलेले सात ग्राउंडला बांधायचे. एक फरक लक्षात ठेवा. १८९ ला आत जायचा आणि बाहेर यायचा रस्ता वेगळा. ६११६ ला एकच. म्हणून तिच्या डेटाच्या पायांवर दोन २४५ लावावे लागतात, एक मुख्य बसकडे, दुसरा प्रोग्रॅम भरायच्या डिप स्विचकडे.

वीज आणि वायर

बिघाड निघाला की लोक लॉजिक तपासत बसतात. आधी व्होल्टेज तपासा. एलएस आयसीला ४.७५ ते ५.२५ व्होल्टच लागतात. ५ व्होल्ट २ अँपिअरचा मोबाइल चार्जर पुरतो, पण केबल बारीक असली तर चार्जरपाशी ५ आणि शेवटच्या बोर्डवर ४.५ असा प्रकार होतो. त्यामुळे सप्लाय एकाच टोकाला न देता दोन-तीन ठिकाणी द्या, आणि बोर्डांच्या पट्ट्या एकमेकींना दोन्ही टोकांना जोडा. काही ८३० च्या बोर्डांत लाल-निळी पट्टी मधोमध तुटलेली असते; छापलेली रेघ नीट बघितली की तिथे फट दिसते. तिथे आखूड वायर घालायला विसरलात तर अर्धा बोर्ड मेलेला राहील.

प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पायाजवळ १०४ चा कपॅसिटर. हे ऐच्छिक नाही.

एलईडीबद्दल: रेझिस्टर न लावताही एलएसवर एलईडी पेटतो, जळत नाही, म्हणून खूप जण आळस करतात. पण एलईडीने ते आउटपुट १.८-२ व्होल्टपर्यंत खाली ओढलेलं असतं, आणि पुढच्या आयसीला हाय समजायला किमान २ व्होल्ट हवे असतात. डोळ्यांना एक दिसतो, बेरजेला शून्य पोहोचतो. प्रत्येक एलईडीला १ के.

हे सगळं एका प्लायच्या तुकड्यावर चिकटवा. सोसायटीत कुठेतरी फर्निचरचं काम चालू असतंच, सुताराकडे उरलेला तुकडा मिळून जातो. डायनिंग टेबलावर सुटे बोर्ड पसरलेत तर जेवणाच्या वेळी ते उचलावे लागतील, आणि उचललं की काहीतरी सुटतं.

आधी घड्याळ

पहिला भाग क्लॉक, म्हणजे सगळ्या यंत्राला ठोके देणारं घड्याळ. ५५५ ॲस्टेबल (आपोआप ठोके देत राहणाऱ्या) जोडणीत, १ मायक्रोफॅरड कपॅसिटर, १ के चा एक रेझिस्टर, आणि दुसऱ्या जागी १ के च्या पाठोपाठ १ मेगओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). सूत्र १.४४ भागिले (आर१ + २ आर२) गुणिले सी. पॉट पूर्ण फिरवला तर सुमारे १.४ सेकंदांना एक ठोका, उलट्या टोकाला सेकंदाला जवळपास ४८०. दुसरा ५५५ मोनोस्टेबल, बटण दाबलं की एकच ठोका देणारा. बटणाचा पत्रा दाबताना बारीक बारीक उसळतो आणि साध्या जोडणीत एका दाबाचे पाच-सात ठोके मोजले जातात. १ मेगओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड लावले की सुमारे ०.११ सेकंदाचा एकच स्वच्छ ठोका मिळतो. तिसरा ५५५ या दोहोंतलं कोणतं चालू हे ठरवणाऱ्या स्विचसाठी.

एकेक ठोक्याचं बटण हेच तुमचं खरं शिकायचं साधन. ते खात्रीचं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रजिस्टर आणि बस

बस म्हणजे आठ वायरी, ज्यांना सगळे भाग लटकलेले आहेत. सोसायटीच्या सभेत एकच माइक असावा तसं हे: ऐकणारे कितीही चालतील, बोलणारा एका वेळी एकच. दोघे एकदम बोलले, एकाचा शून्य आणि दुसऱ्याचा एक आमनेसामने आले, तर वायरवर अधलंमधलं व्होल्टेज येतं आणि आयसी तापतात. म्हणून २४५ लागतो. त्याचा १९ नंबरचा पाय हाय असला की तो बसपासून पूर्ण अलग होतो. लो केला की बोलतो.

एक रजिस्टर म्हणजे दोन १७३ (चार-चार बिट) आणि एक २४५. १७३ ला स्वतःचा आउटपुट बंद करायची सोय आहे, पाय १ आणि २, मग वेगळा २४५ कशाला? कारण 'ए' रजिस्टरमधला आकडा बेरीज करणाऱ्या आयसीला सतत दिसायला हवा, बसवर असो वा नसो. म्हणून १ आणि २ कायम ग्राउंड, आणि बसवर बोलायचं काम २४५ कडे. शिवाय एलईडीही सतत आतला आकडा दाखवत राहतात.

१७३ चा १५ नंबरचा पाय क्लिअरचा, आणि तो हाय असताना क्लिअर करतो. एलएस जातीचा मोकळा सोडलेला इनपुट स्वतःहून हाय समजला जातो. या दोन गोष्टी जोडल्या की कळेल, तुमचं रजिस्टर काहीही केलं तरी शून्यच का दाखवतंय.

ए, बी, आणि आज्ञा ठेवायचं आयआर अशी तीन रजिस्टरं एकाच साच्याची. फरक एवढाच की आयआरचे खालचे चार बिटच बसवर परत जातात, वरचे चार म्हणजे आज्ञेचा क्रमांक. बी ला बसवर बोलायची कधीच गरज पडत नाही, पण तपासणीसाठी तिथेही २४५ लावलेला बरा.

बेरजेचा भाग दोन २८३ चा. यात पाय ओळीने नाहीत, उत्तराचे चार बिट ४, १, १३, १० अशा क्रमाने येतात. डेटाशीट समोर ठेवूनच वायर घाला. वजाबाकीसाठी बी चा प्रत्येक बिट ७४एलएस८६ च्या एक्स-ऑरमधून न्यायचा. वजाबाकीची लाइन हाय केली की सगळे बिट उलटतात, आणि तीच लाइन पहिल्या २८३ च्या कॅरी-इनला दिली की वर एक मिळवला जातो. झाला टूज कॉम्प्लिमेंट. वर्गात अर्धा तास चाललेलं प्रकरण इथे एका वायरीत संपतं.

रॅम, तिचा पत्ता धरणारं एमएआर (एक १७३), हाताने की बसवरून पत्ता घ्यायचा हे निवडणारा १५७, प्रोग्रॅम काउंटर (पीसी, पुढची आज्ञा कोणत्या पत्त्यावर हे मोजणारा) म्हणजे एक १६१, आणि 'दाखव' म्हटल्यावर उत्तर धरून ठेवणारा २७३. यात नवीन काही नाही. फक्त रॅममध्ये लिहायची लाइन जपा. १७३ ठोक्याच्या चढत्या कडेला एकदाच आकडा टिपतो, पण ६११६ लिहायची लाइन लो असेपर्यंत लिहीतच राहते. म्हणून ठोका ०.०१ मायक्रोफॅरड आणि १ के मधून नेऊन त्याची छोटीशी, सुमारे १० मायक्रोसेकंदांची टिचकी करा, आणि तिच्यावर लिहा.

आता कंट्रोल युनिट तुम्हीच

बहुतेक जण इथून थेट ईईप्रॉमकडे धावतात. माझं ऐका, धावू नका. या यंत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं संध्याकाळभराचं काम.

आत्तापर्यंत सगळ्या भागांच्या मिळून १६ कंट्रोल लाइन झाल्या आहेत: पीसी आउट, एमएआर इन, रॅम आउट, आयआर इन, ए इन, बेरीज आउट, काउंट, वजाबाकी, वगैरे. आउट म्हणजे त्या भागाने बसवर बोलायचं, इन म्हणजे बसवरचं ऐकायचं. त्या सगळ्या दोन आठ-कळी डिप स्विचवर आणा. प्रत्येक लाइनला १० के चा पुल-अप (५ व्होल्टकडे नेणारा रेझिस्टर), स्विच ग्राउंडकडे. बहुतेक लाइन लो केल्यावर काम करतात. काउंट आणि वजाबाकीसारख्या दोन-चार उलट्या आहेत, त्यांच्यावर लाल ठिपका लावा. खाली कागदी टेपवर नावं लिहा.

आता स्विचने रॅममध्ये हा प्रोग्रॅम भरा:

पत्ता ०००० : ०००१ १११० (१४ व्या पत्त्यावरचा आकडा ए मध्ये आण)
पत्ता ०००१ : ००१० ११११ (१५ व्या पत्त्यावरचा त्यात मिळव)
पत्ता ००१० : १११० ०००० (दाखव)
पत्ता ००११ : ११११ ०००० (थांब)
पत्ता १११० : ०००१ ११०० (२८)
पत्ता ११११ : ०००० १११० (१४)

रीसेट करा आणि यंत्र बोटांनी चालवा. पीसी आउट आणि एमएआर इन चालू, ठोका द्या, दोन्ही बंद. बसवर शून्य दिसलं, एमएआरमध्ये शून्य गेलं. मग रॅम आउट, आयआर इन आणि काउंट, ठोका. आयआरचे एलईडी ०००१ १११० दाखवतील, काउंटर १ वर जाईल. या दोन पायऱ्या प्रत्येक आज्ञेला सारख्याच, कारण आज्ञा कोणती हे अजून कोणालाच ठाऊक नाही. तिसरी: आयआर आउट, एमएआर इन, ठोका, १४ हा पत्ता पोहोचला. चौथी: रॅम आउट, ए इन, ठोका, ए मध्ये २८.

मिळवायच्या आज्ञेत शेवटच्या दोन पायऱ्या वेगळ्या: रॅम आउट, बी इन, मग बेरीज आउट, ए इन. इथे जरा थांबा. ए मध्ये ४२ शिरताक्षणी बेरीज ४२ अधिक १४ म्हणजे ५६ होते, तीही बसवरच आहे, आणि ए इन अजून चालूच आहे. मग ए वाढत का जात नाही? कारण १७३ ने चढत्या कडेला जे होतं ते टिपलं आणि दार लावून घेतलं. बसवर ५६ चा आकडा ००११ १००० झळकत राहील, ए मात्र ००१० १०१० वर म्हणजे ४२ वर ठाम. एज-ट्रिगरिंग हा शब्द परीक्षेत लिहिणं वेगळं, आणि बसवर ५६ आणि ए मध्ये ४२ एकाच वेळी पेटलेले बघणं वेगळं.

हे करताना कळतं की कॉम्प्युटर बेरजेत नाहीच. बेरीज करणारे आयसी दोन, आणि कोणी कधी बोलायचं, कोणी कधी ऐकायचं, याचाच सारा खटाटोप.

बोटांची जागा ईईप्रॉम घेतो

आता तुमच्याकडे प्रत्येक आज्ञेच्या प्रत्येक पायरीला कोणते स्विच चालू होते याचा तक्ता आहे. तोच तक्ता म्हणजे मायक्रोकोड. ईईप्रॉमच्या पत्त्याला आज्ञेचे चार बिट, पायरीचे तीन बिट आणि फ्लॅगचे (कॅरी आला का, अशा खुणांचे) दोन बिट द्या. बाहेर आठ लाइन येतात, दोन ईईप्रॉमच्या मिळून १६. पायऱ्या मोजायला दुसरा १६१. त्याचे बिट १३८ (प्रत्येक आकड्याला वेगळं आउटपुट देणारा डीकोडर) मधून न्या आणि १३८ चं ५ नंबरचं आउटपुट (५ नंबरचा पाय नव्हे) १६१ च्या क्लिअरला जोडा, म्हणजे ० ते ४ झालं की पुन्हा शून्य. ईईप्रॉम भरायला आर्दुइनो नॅनो आणि दोन ७४एचसी५९५ पुरतात.

पायऱ्यांच्या काउंटरला ठोका ०४ मधून उलटा करून द्या. मग कंट्रोल लाइन उतरत्या कडेला बदलतात, आणि चढत्या कडेपर्यंत स्थिर होतात. हे विसरलं तर यंत्र कधी बरोबर, कधी चूक चालतं.

सातचा पाढा

उडी मारता येईपर्यंत हे फक्त स्वयंचलित कॅल्क्युलेटर आहे. ०११० म्हणजे उडी आणि ०१११ म्हणजे कॅरी आला असेल तरच उडी, असं ठरवा आणि हे भरा:

०००० : १११० ०००० (दाखव)
०००१ : ००१० ११११ (१५ वरचा मिळव)
००१० : ०१११ ०१०० (कॅरी असेल तर ४ वर जा)
००११ : ०११० ०००० (० वर जा)
०१०० : ११११ ०००० (थांब)
११११ : ०००० ०१११ (सात)

०, ७, १४ असं करत २५२ पर्यंत जाऊन यंत्र थांबायला हवं. न थांबता ३, १०, १७ असं पुढे सुटलं, तर कॅरी साठवणारं रजिस्टर तपासा. २५२ अधिक ७ म्हणजे २५९, आठ बिटांत उरले ३ आणि कॅरी एक. पण पुढची आज्ञा येईपर्यंत ए मध्ये ३ बसलेले असतात, २८३ आता ३ अधिक ७ करतोय, आणि त्याचा कॅरी शून्य. म्हणून बेरीज ए मध्ये जाते त्याच ठोक्याला कॅरी वेगळ्या १७३ मध्ये टिपून ठेवावा लागतो.

दुसरा कुठला बिघाड असेल तर एकेक ठोका देत पुढे जा, आणि जिथे एलईडी तुमच्या तक्त्याशी जुळत नाहीत तिथेच थांबा. मल्टिमीटरचं टोक वायरला न टेकवता आयसीच्या पायालाच टेकवा. स्वस्त बोर्डांत पाय भोकात असतो पण आतल्या पत्र्याला लागलेला नसतो. पायावर १ ते दीड व्होल्ट असं काही दिसलं तर एकतर तो इनपुट मोकळा आहे किंवा बसवर दोघे बोलताहेत.

गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार असेल तर प्रोग्रॅम वहीत उतरवून ठेवा. रॅम रिकामी होते, ईईप्रॉम नाही.

१६ बाइट लवकरच अपुरे वाटू लागतील. २५६ करायला नवीन रॅम नको, ६११६ मध्ये जागा पडूनच आहे. आणखी एक १६१, एक १७३, एक १५७ घालून काउंटर आणि एमएआर आठ बिटांचे करा. पत्ता आता आज्ञेच्या पुढच्या बाइटमध्ये राहील, म्हणून तिसरी पायरी पीसी आउट, एमएआर इन. चौथी रॅम आउट, एमएआर इन, काउंट. पाचवीत आकडा येतो, बेरजेला सहावी लागते, तेव्हा १३८ वरची क्लिअरची वायर ५ नंबरच्या आउटपुटवरून काढून ६ वर लावा आणि दोन्ही ईईप्रॉम नव्याने भरा.